लष्करी विमान अपघात आणि मानवी चूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघाताचे कारण 'मानवी चूक' ठरले, म्हणजे वैमानिकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला असे समजावे का?

नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी तामिळनाडूतील सुलूर तळावरून वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा स्टाफ कॉलेजकडे निघालेले हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले आणि त्या अपघातात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत यांच्यासह चौदा जणांचा मृत्यू झाला. तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा यांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा या तिन्ही शक्यता स्पष्ट शब्दांत फेटाळण्यात आल्या. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले, त्यामुळे वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि सुस्थितीत उडत असलेले हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले, असे त्यात नमूद होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात याच अपघातापुढे कारण म्हणून 'मानवी चूक (वैमानिक दल)' असा शेरा आला आणि बऱ्याच बातम्यांनी तो दोषारोप म्हणून छापला.

वास्तविक या दोन विधानांत विसंगती नाही. माहीत असलेली काळजी न घेणे हा निष्काळजीपणा होय. चूक मात्र पूर्ण प्रशिक्षित, सावध आणि अनुभवी माणसाकडूनही होते, कारण ती करणारे डोळे, कान आणि मेंदू सर्वांचे सारखेच असतात. 'मानवी चूक' हा शेरा घटनेच्या साखळीतील शेवटची कडी कोणाच्या हातात होती एवढेच सांगतो. बाकीच्या कड्या कोणी जोडल्या, हे त्यातून कळत नाही.

एकूण लष्करी अपघातांत मानवी चुकीचा वाटा किती असतो?

हवाई क्षेत्रातील अभ्यासक साधारणपणे ७० ते ८० टक्के असा आकडा देतात. वर उल्लेखिलेल्या संसदीय अहवालात २०१७ ते २०२२ या काळातील भारतीय हवाई दलाच्या ३४ अपघातांची नोंद आहे. मात्र या टक्केवारीवर फार विसंबू नये. इंजिने आणि सुटे भाग जसजसे भरवशाचे होत जातात, तसतसे यांत्रिक अपघात घटतात आणि उरलेल्या अपघातांत माणसाचा वाटा आपोआप मोठा दिसू लागतो. वैमानिक पूर्वीपेक्षा वाईट झाले, असा त्याचा अर्थ होत नाही.

अमेरिकेच्या संसदेने नेमलेल्या लष्करी हवाई सुरक्षा आयोगाने २०२० च्या अखेरीस दिलेल्या अहवालानुसार २०१३ ते २०२० या आर्थिक वर्षांत त्या देशाने युद्धाबाहेरील विमान अपघातांत २२४ माणसे आणि १८६ विमाने गमावली. त्या आयोगाने वैमानिकांच्या कौशल्यावर बोट ठेवण्याऐवजी त्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या उड्डाण-तासांवर, कागदी कामाच्या ओझ्यावर आणि न थांबणाऱ्या मोहिमांच्या ताणावर बोट ठेवले.

चुकीचे मूळ वैमानिकाबाहेर शोधण्याची पद्धत केव्हा सुरू झाली?

दुसऱ्या महायुद्धात. बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत, कारण वैमानिक पंखांचे फ्लॅप (उतरताना बाहेर काढायच्या पंखांच्या हलत्या पट्ट्या) आत घेण्याऐवजी चाकेच आत घेत. १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला आढळले, की चाकांची आणि फ्लॅपची कळ अगदी शेजारी आणि दिसायला व हाताला एकसारखी होती. थकलेल्या माणसाचा हात चुकीच्या कळीवर जाणे यात आश्चर्य ते काय? चाकांच्या कळीवर रबरी चाक आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीचा आकार बसवल्यावर ही चूक जवळजवळ नाहीशी झाली. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या कळीची मूठ चाकाच्या आकाराची असते, ती याच परंपरेतून.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले. त्यांतील जवळपास निम्म्या प्रसंगांत एका कळीऐवजी दुसरीच कळ वापरली गेली होती. याच्याही आधी, ३० ऑक्टोबर १९३५ रोजी, बी-१७ चा मूळ नमुना असलेले मॉडेल २९९ राइट फील्ड येथे उड्डाण घेताच कोसळले, कारण जमिनीवर असताना लावायची शेपटीच्या पृष्ठांची कुलपे काढायची राहून गेली होती. विमान चालवणारा अधिकारी कसलेला चाचणी-वैमानिक होता. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीला पेलण्यापलीकडे गुंतागुंतीचे झाले आहे, हे ओळखून त्यानंतर छापील चेकलिस्ट वापरात आली.

या इतिहासातील सर्वांत बोलकी नोंद १९५० सालची आहे. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ अमेरिकी वैमानिकांची दहा मापे घेतली आणि त्या दहाही मापांत 'सरासरी' ठरणारा वैमानिक शोधला, तेव्हा असा एकही निघाला नाही. तोवर कॉकपिट मात्र त्या सरासरी माणसासाठीच बांधले जात होते. मागेपुढे सरकणारी आसने आणि जुळवून घेता येणारी पायपट्टी हा या शोधाचा परिणाम.

अनुभवी वैमानिकाला आकाश कुठे आणि जमीन कुठे, हे कळेनासे कसे होते?

आपला तोल मुख्यतः डोळे सांभाळतात. त्यांच्या मदतीला कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्वचा-स्नायूंची जाणीव असते. या नलिकांतील द्रव वळण सुरू झाल्याचे सांगतो, पण तेच वळण एकसारखे दहा-वीस सेकंद चालू राहिले की द्रव नलिकेच्या गतीला येतो आणि वळण थांबल्यासारखे वाटते. सेकंदाला सुमारे दोन अंशांपेक्षा सावकाश होणारे वळण तर मुळात जाणवतच नाही. त्यामुळे ढगात किंवा अंधाऱ्या रात्री समुद्रावर विमान हळूहळू एका बाजूला कलत असता वैमानिकाला आपण सरळ जात आहोत अशी ठाम खात्री असते आणि त्याने विमान खरोखर सरळ केले, की ते उलट बाजूला वळत असल्याचा भास होतो. विमानवाहू नौकेवरून कॅटपल्टने (विमान जोराने पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने) झेप घेताना पाठीवर येणारा जोर मेंदू 'नाक वर गेले' असा वाचतो. अशा वेळी नाक खाली दाबण्याची ऊर्मी येते आणि खाली पाणी असते.

९ एप्रिल २०१९ रोजी जपानच्या हवाई दलाचे एफ-३५ए विमान मिसावा तळावरून रात्रीच्या सरावासाठी गेले आणि पॅसिफिक महासागरात पडले. ताशी १,१०० किलोमीटरहून अधिक वेगाने ते खाली येत होते आणि सावरण्याचा किंवा आसनासह बाहेर पडण्याचा कोणताही प्रयत्न झालेला दिसला नाही. वैमानिकाला आपण कोसळत आहोत याची जाणीवच नसावी, असा निष्कर्ष जपानी हवाई दलाने काढला. जगातील अत्यंत आधुनिक विमान, नाकासमोर सर्व माहिती दाखवणारे हेल्मेट आणि तरीही कानाच्या नलिका हजारो वर्षांपूर्वीच्याच.

यावर उपाय सरावाचा आहे: भासाकडे दुर्लक्ष करून उपकरणांवर विश्वास ठेवणे. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये वैमानिकांना हा भ्रम मुद्दाम अनुभवायला लावतात, कारण ज्याने तो अनुभवला नाही त्याला नुसते सांगून पटत नाही.

वैमानिकाची शुद्ध हरपण्याचे प्रकार खरोखर घडतात का?

घडतात. तीव्र वळणात शरीराचे वजन कित्येक पट भासू लागते आणि मेंदूकडील रक्तपुरवठा घटतो. संरक्षक पोशाख आणि श्वास-स्नायूंचे तंत्र नसेल तर चार-पाच जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट) बलापाशीच दृष्टी अंधारू लागते. लढाऊ विमान मात्र नऊ जी सहन करते. शुद्ध गेल्यावर भान पूर्ण परत येईपर्यंत सरासरी २४ सेकंद जातात आणि ताशी ८०० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात विमान पाच किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यासाठी अमेरिकेने २०१४ पासून एफ-१६ विमानांत जमिनीवर आदळणे टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बसवली. २०१६ मध्ये ॲरिझोनावर सराव करणाऱ्या एका परदेशी प्रशिक्षणार्थीची शुद्ध हरपून विमान वेगाने खाली झेपावले असता या यंत्रणेने ते स्वतःहून वर उचलले आणि तो वाचला.

वरिष्ठांच्या दबावामुळे अपघात होतात, हे म्हणणे कितपत खरे आहे?

या प्रश्नाचे उत्तर पोलंडने फार मोठी किंमत देऊन शोधले आहे. २३ जानेवारी २००८ रोजी पोलिश हवाई दलाचे सी-२९५एम वाहतूक विमान मिरोस्लाविएत्स येथे खराब हवामानात उतरताना कोसळले आणि वीस जण ठार झाले. त्यांत हवाई दलाचे अनेक वरिष्ठ अधिकारी होते आणि ते वॉर्साहून हवाई सुरक्षेविषयीच्याच परिषदेतून परतत होते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारा ध्वनी बंद होता आणि कॉकपिटमधील सहकार्य विस्कळीत होते, असे चौकशीत आढळले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जॉर्जियातील युद्ध चालू असताना, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांना घेऊन जाणाऱ्या विमानाच्या कप्तानाने तिबिलिसीला उतरण्यास नकार देऊन विमान अझरबैजानमध्ये उतरवले. राष्ट्राध्यक्ष नाराज झाले, कप्तानावर राजकीय टीका झाली; संरक्षण खात्याने मात्र पुढे त्याला पदक दिले. त्या उड्डाणात जो सहवैमानिक होता, तोच १० एप्रिल २०१० रोजी काचिन्स्की यांना रशियातील स्मोलेन्स्कला नेणाऱ्या तू-१५४एम विमानाचा कप्तान होता.

स्मोलेन्स्कवर दाट धुके होते आणि दृश्यता उतरण्यासाठी ठरलेल्या किमान मर्यादेच्या खूप खाली होती. जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या विमानातील यंत्रणेच्या नोंदीत हा विमानतळ नव्हता. पोलंडच्या चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार, विमान गरजेपेक्षा वेगाने खाली येत राहिले आणि वैमानिक दलाने उंची पाहण्यासाठी थेट खालच्या जमिनीपासूनचे अंतर मोजणारा रेडिओ उंचीमापक वापरला. धावपट्टीच्या अलीकडे दरी असल्याने तो धावपट्टीपासूनच्या उंचीपेक्षा जास्त उंची दाखवत होता. रशियन नियंत्रक विमान योग्य मार्गावर असल्याचे सांगत राहिले. ९६ जणांचा मृत्यू झाला. उतरलेच पाहिजे असा थेट आदेश कोणी दिल्याचे आयोगाला आढळले नाही, आणि माझ्या मते दबावाच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्या वैमानिक दलाने 'नाही' म्हणणाऱ्या कप्तानाचे काय होते ते दोन वर्षांपूर्वी पाहिले आहे, त्याला वेगळा आदेश देण्याची गरज उरत नाही. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची वाहतूक करणारे संबंधित रेजिमेंट प्रशिक्षणातील गंभीर त्रुटी उघड झाल्यावर विसर्जित करण्यात आले. पोलंडमध्ये या अपघातावरील राजकीय वाद मात्र अजून शमलेला नाही.

वैमानिक स्वतःच नियम मोडत असेल, तर दोष त्याचाच नाही का?

त्याचा आहेच; प्रश्न एवढाच, की त्याला कोणी मोडू दिले. २४ जून १९९४ रोजी अमेरिकेतील फेअरचाइल्ड तळावर हवाई प्रदर्शनाच्या सरावात एक बी-५२ बॉम्बफेकी विमान नियंत्रण मनोऱ्याभोवती अतिशय कमी उंचीवर तीव्र वळण घेताना उभे कलंडले आणि चौघे ठार झाले. वैमानिक त्या आधी सुमारे तीन वर्षे उघडपणे, प्रदर्शनांत आणि सरावांत, मर्यादा ओलांडत होता. गंमत म्हणजे उड्डाण-मानकांचे परीक्षण हेच त्याचे पद होते. स्क्वाड्रनच्या प्रमुखाने त्याला उड्डाणापासून दूर करावे अशी मागणी केली, ती वरून फेटाळली गेली. तेव्हा त्या प्रमुखाने ठरवले, की आपली माणसे त्या वैमानिकासोबत उडणार असतील तर आपण स्वतः शेजारी बसायचे. अपघातात तोही गेला. मागणी फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याने नंतर कोर्ट मार्शलमध्ये कर्तव्यात कसूर केल्याचे मान्य केले.

अशा प्रकरणांसाठी स्कॉट शॅपेल आणि डग्लस विगमन यांनी अमेरिकी नौदलासाठी वर्गीकरणाची एक पद्धत विकसित केली, जी आता अनेक देशांत वापरली जाते. तीत प्रत्यक्ष कृती, त्या वेळची परिस्थिती, पर्यवेक्षण आणि संस्था अशा चार पातळ्यांवर कारणे शोधावी लागतात. तिचा एक धोकाही सांगितला पाहिजे: कारण जितके वर सरकते तितके ते धूसर होते आणि 'संस्थात्मक त्रुटी' या शब्दाआड कोणालाच जबाबदार न धरण्याची सोय होते. प्रदर्शनी आणि समारंभी उड्डाणांचा धोका गोव्यानेही पाहिला आहे. १ ऑक्टोबर २००२ रोजी दाभोळीला नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवात दोन आयएल-३८ विमाने हवेत एकमेकांवर आदळून दोन्हींतील बाराही जण मृत्युमुखी पडले.

मिग-२१ इतके बदनाम का झाले?

१९६३ मध्ये दाखल झालेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झालेले हे विमान नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात शेकडोंनी बनले, त्यामुळे महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने आहे. 'उडती शवपेटी' हे विशेषण वृत्तपत्रांनी रूढ केले, पण अपघातांचा मोठा भाग तरुण वैमानिकांच्या वाट्याला का आला, हे त्यातून उलगडत नाही. किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून नवखा वैमानिक थेट मिग-२१ वर जात असे, आणि ते विमान ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते. मधली पायरीच नव्हती. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. अशा हॉक प्रशिक्षण विमानांचा करार मार्च २००४ मध्ये झाला आणि पहिली विमाने २००८ मध्ये बिदर येथे सेवेत आली. मधल्या सव्वीस वर्षांतील 'वैमानिकाची चूक' या शेऱ्यांपैकी किती शेरे फायलींवर निर्णय न घेणाऱ्यांच्या नावे टाकायला हवेत, हा हिशेब कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

देखभाल कर्मचाऱ्यांच्या चुका वेगळ्या मोजतात का?

भारतीय हवाई दलाच्या वर्गीकरणात वैमानिक दलाची चूक आणि देखभालीतील चूक हे वेगळे रकाने आहेत. पण काही वेळा चूक केवळ न पोहोचलेल्या माहितीची असते. २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाममध्ये अमेरिकेचे सुमारे १.४ अब्ज डॉलरचे बी-२ विमान उड्डाण घेताच कोसळले; वैमानिक वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत दमट हवेमुळे ओलावा साचला होता आणि त्याच अवस्थेत त्यांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) केल्याने संगणकाला वेग आणि विमानाची स्थिती चुकीची समजली. आधी संवेदक तापवून घेण्याची युक्ती काही तंत्रज्ञांना दोन वर्षांपासून ठाऊक होती. ती कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत उतरली नव्हती.

चूक माणसाची की यंत्राची यावर एकमत होतेच असेही नाही. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याजवळ थेऊरला सुखोई-३० एमकेआय विमान पडले, तेव्हा वैमानिकांची आसने आज्ञेविना बाहेर फेकली गेल्याचे हवाई दलाचे म्हणणे होते, तर रशियन तज्ज्ञांना ते मान्य नव्हते. दरम्यान सर्व सुखोईंची उड्डाणे काही आठवडे थांबवण्यात आली.

स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या मृत वैमानिकाला दोषी ठरवता येते का?

२ जून १९९४ रोजी स्कॉटलंडच्या मल ऑफ किंटायर येथे ब्रिटिश हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरावर आदळून २९ जण मरण पावले. त्यांत उत्तर आयर्लंडमधील गुप्तवार्ता विभागाचे अनेक तज्ज्ञ होते. मूळ चौकशी मंडळाने वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नव्हता. तो त्यांच्यावरील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ठेवला, आणि तोही घोर निष्काळजीपणाचा. मृत वैमानिकाबाबत असा निष्कर्ष काढण्यासाठी तेव्हाच्या नियमांनुसार 'कसलीही शंका नसणे' आवश्यक होते आणि त्या हेलिकॉप्टरच्या इंजिन-नियंत्रण संगणकाविषयी तर गंभीर शंका होत्या. कुटुंबीयांनी सतरा वर्षे लढा दिल्यावर २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर हा ठपका पुसला गेला आणि संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

मानवरहित विमानांमुळे हा प्रश्न सुटेल का?

माणूस विमानातून उतरून जमिनीवरील खोलीत बसतो, एवढेच होते. २५ एप्रिल २००६ रोजी अमेरिकेच्या सीमा यंत्रणेचे प्रिडेटर-बी विमान ॲरिझोनात कोसळले. चालकाचा एक संगणक अडकल्याने नियंत्रण शेजारच्या संगणकावर घेतले गेले. तिथे जी कळ कॅमेऱ्यासाठी वापरली जात होती, तीच आता इंजिनाचे इंधन नियंत्रित करू लागली आणि ती नेमकी इंधन बंद करण्याच्या जागी होती. इंजिन थांबले. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच घराण्यातील ३१ एमक्यू-९बी विमाने घेण्याचा करार केला आहे.

कुटुंबीयांना किंवा नागरिकांना चौकशी अहवाल का दाखवत नाहीत?

दोन कारणे दिली जातात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिले कारण सुरक्षा-चौकशीचे आहे: आपले शब्द शिक्षेसाठी वापरले जाणार नाहीत अशी हमी असेल तरच वैमानिक आणि तंत्रज्ञ खरे सांगतात. म्हणूनच अमेरिकी हवाई दल दोन चौकशा करते. पहिली गोपनीय आणि केवळ पुढील अपघात टाळण्यासाठी, दुसरी स्वतंत्र आणि जाहीर. हे कारण मला पूर्ण पटते.

दुसरे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे, आणि त्याचा इतिहास तितका स्वच्छ नाही. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ बी-२९ विमान कोसळले. त्यात मृत्यू पावलेल्या तीन अभियंत्यांच्या पत्नींनी अहवाल मागितला, तेव्हा सरकारने लष्करी गुपिताचे कारण पुढे केले आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तो अहवाल खुला झाल्यावर २००० मध्ये एका अभियंत्याच्या मुलीच्या हाती लागला, आणि त्यात गुप्त उपकरणांची माहिती नव्हती. इंजिनाला आग लागू नये म्हणून बसवायची उष्णतारोधक ढाल त्या विमानात बसवलीच नव्हती, एवढे मात्र होते. भारतात कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्कराच्या अंतर्गत चौकशीचे) कामकाज खुले होत नाही आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये सुरक्षेचा अपवाद आहे. त्यामुळे सामान्य वाचकाला जे मिळते ते बहुधा संसदीय समितीच्या तक्त्यातील तारीख, विमानाचा प्रकार आणि कारणाचे दोन-तीन शब्द एवढेच असते.